अण्णाच्या गाडीचं इंजिन

"सेट आगुम, अम्मा." बसेल म्हणे! तंजावुरापासून तिरुच्चीपर्यंत प्रत्येक भंगारवाल्याने मला हेच ऐकवलं. आता हे शब्द कानावर पडले तरी माझ्या डोक्यात तिडीक जाते.

गाडी माझ्या थोरल्या भावाची, जुना डिझेल पिकअप. अण्णाचा उजवा पाय लहानपणापासून अधू. क्लच तो डाव्या पायाने दाबतो, पण ब्रेक आणि ॲक्सिलरेटर हाताने चालवायची सोय त्याने एका म्हाताऱ्या कारागिराकडून करून घेतली होती. तो कारागीर आता नाही. रोज सकाळी अण्णा एकटा तिरुवैयारुला जायचा, कावेरीकाठच्या मळ्यांतून केळीची पानं भरून आणायचा आणि खानावळींना, लग्नाच्या मंडपांना पोचवायचा. तंजावुरच्या राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीत कुबडी टेकत चालणारा हा माणूस स्टिअरिंगवर बसला की कुणाच्या बापाचं ऐकायचा नाही. उन्हाळ्यात इंजिन जाम झालं. मेकॅनिकने हात वर केले. दुरुस्ती नाही, म्हणाला, दुसरं जुनं इंजिन शोधा.

शोधा! जशी काही बाजारात वांगी मिळतात.

"मी येतो," अण्णा म्हणाला. हातात ॲक्सिलरेटरची जुनी तार होती, वेटोळं करून घेतलेली.

"उन्हात कुठे येतोस? तिथे नुसता लोखंडाचा खच, पाय ठेवायला जागा नाही. आणि ती तार राहू दे. मेकॅनिकला सगळं कळतं."

त्याने तार परत खुंटीला अडकवली. मी कॉलेजच्या ऑफिसातून रजा काढली आणि मेकॅनिकला घेऊन निघाले.

पहिलं इंजिन गाडीत बसलं. मी देवाला नारळ फोडून आले. पण त्याचा डिझेल पंप उजव्या अंगाला आणि अण्णाची तार येते डावीकडून. मेकॅनिकने लांब तार वळसा घालून ओढली, तर ती अडकायला लागली. अण्णाने ॲक्सिलरेटर सोडला तरी इंजिन आपलं बोंबलतंच आहे! काढा म्हटलं. दुसरं त्याहून नवं, त्याला तार जोडायची जागाच नाही, सगळा विजेच्या वायरींचा कारभार. तिसरं आणायला गेलो, तर ते आदल्या दिवशीच विकलेलं. फोनवर तोच भंगारवाला "वांग, वांग" करत होता, या म्हणून. अस्सा राग आला! साडीला काळं तेल, पायांचे तुकडे पडलेले, आणि घरी नातेवाईक सल्ले घेऊन तयार. विकून टाका. नवी घ्या. ड्रायव्हर ठेवा.

खोटं कशाला बोलू, एका संध्याकाळी मीही तेच बोलले. "ठेवू या ना ड्रायव्हर! काय बिघडतं? माझ्या तर नाकी नऊ आले."

अण्णा जेवत होता. त्याने मान वर केली.

"मग मी काय करू? मागे पानांत बसू?"

मी ताक वाढायला उठले ते बराच वेळ स्वयंपाकघरातच राहिले.

दुसऱ्या दिवशी मी चपला घालते तोवर तो दारात उभा होता, कुबडी आणि तार घेऊन. या खेपेला माझी नाही म्हणायची छाती झाली नाही. भंगाराच्या आवारात तो एकेक पाऊल चाचपत चालला. मी त्याचा दंड धरून होते. तिथल्या पहिल्या दोन इंजिनांकडे त्याने नुसतं पाहिलं आणि पुढे गेला. मालक मागून "सेट आगुम" म्हणतच होता. तिसऱ्यापाशी तो थांबला, कुबडी माझ्या हातात दिली, वाकून डाव्या अंगाला हात घातला आणि डोळे मिटून पंप चाचपला. मग तारेचं एक टोक तिथे टेकवून दुसरं हवेत धरलं, गाडीत त्याचा हात असतो अगदी तिथे.

"पुरते," तो म्हणाला.

सोबत आलेल्या मेकॅनिकने बाकीचे बोल्ट, इंजिन टेकवायचे पाये मोजून पाहिले आणि मान डोलावली. मोजून पाच मिनिटं लागली असतील. दोन महिने मी रानोमाळ हिंडत होते!

"अरे, मग हे आधी नाही का सांगायचं?" मी त्याच्यावरच ओरडले.

"पहिल्याच दिवशी तार घेऊन उभा होतो," अण्णा म्हणाला. "गाडी मी चालवतो. इंजिन शोधायला मला सोडून सगळे गेलात."

त्याने कुबडीसाठी हात पुढे केला. मी ती त्याच्या हातात दिली आणि सवयीने दंड धरायला गेले, ते तशीच मागे सरले.