पेशीबाईंचा प्रश्न

पेशीबाई वर्गात आल्या की आम्ही एकमेकांच्या पाठीआड लपायचो. त्या कधी हात उगारत नसत, आवाजही चढवत नसत. आपण मर मर मरून केलेल्या पेशीच्या प्रतिकृतीतला एक भाग अलगद उचलत आणि विचारत, "हा नसला, तर हिचं काय होईल?" मग उत्तर येईपर्यंत त्यांची ती शांत नजर. त्यापेक्षा दोन छड्या परवडल्या असत्या.

आठवीला त्या आम्हाला विज्ञान शिकवायच्या. पेशीची प्रतिकृती विकत आणलेली त्यांना चालत नसे. घरात असेल त्यातूनच करायची. त्यामुळे आमच्या पेशींत अख्खं सोलापूर शिरलं. श्रीनिवासच्या घरी माग होते, त्यानं टॉवेलच्या चिंध्यांच्या घड्या घालून पेशीतली जाळी, म्हणजे आंतर्द्रव्यजालिका केली. मल्लूनं कडक भाकरीवर गुळाच्या पाकानं शेंगदाणे चिकटवले, त्या तंतुकणिका. बाईंनी त्यातले शेंगदाणे एकेक करून खाऊनच टाकले. मल्लू रडकुंडीला आला.

"आता हिचं काय होईल?"

"बाई, तिच्या अंगात ताकदच ऱ्हायची न्हाय की."

"बरोबर. बस."

बाईंची शाबासकी एवढीच असायची.

माझी पेशी मातीची होती आणि मधोमध आवळ्याचं केंद्रक. बाईंनी आवळा उचलला. उत्तर मला पाठ होतं, पण जीभ टाळूला चिकटली. मला वाटलं, आता या मला हाकलून देणार. त्या मात्र जवळ येऊन हळूच म्हणाल्या, "ज्याला येत नाही तो खाली बघतो. तू माझ्याकडे बघतेस, म्हणजे येतंय तुला. भीती जायची वाट बघू नकोस. भीत भीत बोल, पण बोल."

मी बोलले. काय बोलले ते आठवत नाही, घामानं भिजलेले तळवे तेवढे आठवतात.

पुढे मी शहरातल्याच एका लॅबमध्ये लागले, ती त्या आवळ्यामुळेच. दिवसभर काचेवरच्या पेशी बघायच्या. गेल्या वर्षी बाई तिथे रक्त तपासून घ्यायला आल्या. ताप हटत नव्हता, गालफडं बसली होती. मी त्यांच्या रक्ताची काच सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली आणि पुन्हा पुन्हा तपासली. डॉक्टरांना बोलावलं. त्यांनी पाहिलं, मान हलवली आणि पुढच्या तपासण्या लिहायला आत गेले.

बाहेर बाकावर बाई एकट्याच होत्या. "काय दिसलं?"

"डॉक्टर सांगतील, बाई."

"मी तुला विचारतेय."

मी खाली बघायचा प्रयत्न केला. जमलं नाही.

"येतंय तुला," त्या म्हणाल्या. "बोल की. भीत भीत बोल."

"पांढऱ्या पेशी, बाई. केंद्रकातच बिघाड आहे. वाढणं कुठं थांबवायचं, ते त्यांना कळेनासं झालंय."

बाई बाकावर थोड्या सरकल्या.

"बरोबर," त्या म्हणाल्या. "बस."

मी त्यांच्या शेजारी बसले. त्यांचा हात हातात घेतला, तर त्यांचाही तळवा घामानं भिजलेला होता.