मलिद्याचं ताट

बेळगावचा बाजार शनिवारचा. खेड्यापाड्यांतून माणसं खडेबाजारात उतरायची आणि नेमकं त्याच दिवशी मिल्काबाई पेणकरांच्या शिवणाच्या दुकानाला कुलूप. त्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू; शनिवार त्यांचा शब्बाथ. कामाला हात लावायचा नाही. "बाई, बाजारादिवशी दुकान बंद म्हंजे लई झालं बघा," असं काजं-बटणं करणारी रुक्माबाई दर आठवड्याला सुनवायची. बाई ढिम्म.

त्यांचा दुसरा हट्ट, मुलींनी नोकरी करावी. कॅम्पातल्या आपल्या समाजाच्या पंधरा घरांत जाऊन त्या मुलींच्या बापांचं डोकं खायच्या. मी शेजारची, परजातीची. पण मलाही सोडलं नाही, मशीनवर बसवलंच. त्याबद्दल मी त्यांना जन्मभर दुवा देईन.

रिबेकाला त्यांनीच भरीला घालून नर्स केलं. एकोणीसशे अठरा सालच्या तापाच्या साथीत पोरीने शनिवार-रविवार पाहिला नाही. तिची स्वतःची आईही त्यातून उठली, म्हणून तिने घरी नवसाचा मलिदा मांडला. ताटात गोड पोहे, खोबरं, फळं. भोवती सतरंजीवर बसून प्रार्थना म्हणायची.

सगळे जमल्यावर समाजाचे मुकादम एलोजी म्हणाले, "शब्बाथला नोकरी करते, ती सतरंजीवर बसणार नाही."

नवस तिचा, आई तिची! मला असा संताप आला. रिबेका मात्र मुकाट्याने बाहेर कट्ट्यावर जाऊन बसली. सगळ्यांनी मिल्काबाईंकडे पाहिलं. शब्बाथ पाळण्यात त्यांच्याहून कडक कोण? त्या मुकादमांचीच री ओढणार, असं मलाही वाटलं.

बाई उठल्या.

"तिला दवाखान्यात मी धाडलं. दुखणं काय वार बघून येतं, एलोजीभाऊ? ती बाहेर, तर मीही बाहेर."

त्या रिबेकाशेजारी जाऊन बसल्या. मागोमाग त्यांचे दोघे मुलगेही उठले.

प्रार्थनेला दहा पुरुष लागतात, आणि जमले होते कसेबसे दहाच. मुकादमांनी दोनदा मोजलं. आठ. मला हसू फुटलं, तसा शेजारी बसलेल्या माझ्या आईने चिमटा काढला.

मग मुकादमांनी मलिद्याचं ताट दोन्ही हातांनी उचललं, बाहेर आणलं आणि कट्ट्यावर रिबेकासमोर ठेवलं.

"जरा सरक गं पोरी," ते म्हणाले. "माझा गुडघा वळत नाही."