आरसेवाले आणि शेवटचा भाग

आरसेवाले आरसे विकत नसत, टीव्ही दुरुस्त करत. टीव्ही अजून पोट सुटलेले होते त्या काळात हे गृहस्थ एका हातात हत्यारांची पेटी आणि काखेत आरसा घेऊन लोकांच्या घरात शिरायचे. टीव्ही उघडतो मागून आणि चित्र दिसतं पुढून, मग मागे वाकलेल्या माणसाला चित्र सुधारलं की आणखी बिघडलं हे कळावं कसं? म्हणून घरातल्या कोणाच्या तरी मांडीवर आरसा देऊन त्याला समोर बसवायचं आणि स्वतः मागून मान काढून त्यात बघायचं. पंचवीस वर्षं त्यांनी असा टीव्ही पाहिला. त्यांचं खरं नाव बायकोलाही आठवायला जरा वेळ लागे.

बायको वाचनालयात ग्रंथपाल होती. पुस्तकाचं शेवटचं पान आधी उलटणाऱ्या वाचकाला ती असं बघायची, की तो पुस्तक न घेताच निघून जाई.

या ग्रंथपालबाईंचा एका मालिकेवर भारी जीव. एक पोस्टमास्तर आणि एका पोरीला लिहून त्याने कधीच न पाठवलेलं पत्र, अशी साधी गोष्ट. बावन्न भागांपैकी एक्कावन्न तिने एकही न चुकवता पाहिले. शेवटच्या भागाच्या दिवशी संध्याकाळी मात्र गल्लीतल्या शिंप्याचा टीव्ही बंद पडला. शिंप्याकडे पंचवीस माणसं जमलेली, आणि त्याला लागणारा ट्रान्सफॉर्मर गावभर कुठे मिळेना. आरसेवाल्यांनी तो स्वतःच्या घरच्या टीव्हीतून काढला. दुसऱ्या कंपनीचा होता, चित्र सारखं सरकायचं, म्हणून मागे बसून सावरत राहावं लागलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तसं झालं. पंचवीस जणांनी शेवट पाहिला, आणि मेकॅनिकची बायको तापाने फणफणलेली लेक कडेवर घेऊन घरी मुक्या टीव्हीसमोर बसली.

"मला शेवट सांगायचा नाही," ते घरी आल्यावर ती म्हणाली. "दिसेल तेव्हा बघेन."

याला बत्तीस वर्षं झाली. आरसेवाल्यांच्या तोंडात एरवी तीळ भिजत नसे, पण ही एक गोष्ट त्यांनी पोटात ठेवली. त्याचं कारण नुसतं बायकोचं फर्मान नव्हतं. शेवट वाईट होता. शेवटी पोस्टमास्तर पत्र खिशात घालून एका फाट्यावर येतो, तिथे एक म्हातारा त्याला म्हणतो, "उजवीकडे तिचं घर, डावीकडे स्टेशन. काय ते आजच ठरव." आणि तो लेकाचा डावीकडे वळतो. एक्कावन्न भाग पोरगी वाट बघत बसली आणि हा चालला गाडी पकडायला. बायकोने हे पाहिलं नाही तेच बरं झालं, असं ते मनाशी म्हणत.

भांडायला मात्र या मालिकेतला दुसरा विषय होता. पोस्टमास्तर डावखुरा आहे असं आरसेवाले म्हणत, बायको म्हणे उजवा.

"अगं, या डोळ्यांनी पाहिलंय. डाव्या हाताने शिक्का मारतो."

"तुमचे डोळे ठेवा पेटीत," ती म्हणे.

आणि आता जुन्या मालिकांच्या चॅनेलवर तीच मालिका पुन्हा लागली होती. रोज संध्याकाळी सातला एक भाग, आणि आरसेवाले नेहमीसारखे समोर आरसा टेकवून मागे, म्हाताऱ्या टीव्हीचं चित्र सावरत. आज बावन्नावा. नेमका आजच सकाळी घरातला टीव्ही, आरसेवाल्यांनी जिद्दीने जगवलेला शेवटचा पोटवाला टीव्ही, एकदा गुरगुरला, जळका वास आला आणि चित्राचा ठिपका होऊन विझला.

"बाबा, याचे सुटे भाग आता देवही बनवत नाही," दोन दिवसांसाठी माहेरी आलेली लेक म्हणाली. "मॉलमध्ये जाऊ, नवा घेऊ, पाचला घरी."

बारा वाजता तिघं मॉलमध्ये पोचली. सरकत्या जिन्यापाशी ग्रंथपालबाई थबकल्या, चार पायऱ्या जाऊ दिल्या आणि पाचवीवर अशा चढल्या की मागच्यांनी टाळ्याच वाजवायच्या बाकी होत्या. जेवण झालं, उगाच चपलांच्या दुकानात जाऊन झालं, आणि मग टीव्हीचं दालन आलं. भिंतभर टीव्ही, आणि सगळ्यांत एकच मासा पोहत होता.

आरसेवाले थेट एका टीव्हीच्या मागे गेले. मागे काहीच नव्हतं. बोटभर जाडी.

"हा उघडतो कुठून?" त्यांनी विचारलं.

"उघडायची गरजच पडत नाही, काका," दुकानातली मुलगी म्हणाली.

हे त्यांना फार लागलं. मग त्यांनी एकेका टीव्हीची पाठ तपासायला घेतली, गॅरंटीचे कागद वाचले, न संपणारे प्रश्न विचारले. तीन वाजले, चार वाजले. लेकीला वाटलं, बाबांना आपला जुना धंदा आठवला. ते खरंच होतं, पण निम्मंच. निम्मी टंगळमंगळ मुद्दाम होती. सात वाजून गेले तर तो फाटा बायकोला दिसणार नाही, असं त्यांच्या मनात होतं, आणि ते मनात आहे याची त्यांना लाजही वाटत होती.

साडेपाचला एकदाचा टीव्ही ठरला. दुकानातल्या मुलीने पावती दिली आणि म्हणाली, "उद्या दहा ते दोनमध्ये घरपोच येईल."

"उद्या?" लेक म्हणाली. "आम्हाला आज सातला हवाय."

"बसवणारा माणूस उद्याच आहे, ताई."

लेकीने मोबाईल पुढे केला. "आई, यावर दाखवते ना."

"तळहाताएवढ्या चित्रासाठी बत्तीस वर्षं थांबले का मी?" ग्रंथपालबाई म्हणाल्या आणि तिथल्या सोफ्यावर बसल्या. "राहू दे. काही गोष्टी नसतातच आपल्या नशिबात."

रागावल्या असत्या तर आरसेवाल्यांना झेपलं असतं. पण त्या दमल्यासारख्या बोलल्या, पर्सचा बंद उगाच सारखा करत राहिल्या. आरसेवाल्यांचा जीव थोडा थोडा झाला. एकदा तिचा शेवट आपण शिंप्याला दिला, आज पुन्हा आपणच पळवतोय. चांगला असो की वाईट, शेवट तिचा होता.

"इथे चॅनेल लागतं का?" त्यांनी दुकानातल्या मुलीला विचारलं.

"त्या कोपऱ्यातल्या टीव्हीवर लागतं, पण त्याचं चित्र सकाळपासून येतंय-जातंय. दुरुस्त झालं तर बघा खुशाल, नऊपर्यंत आम्ही आहोतच."

आरसेवाल्यांनी बाह्या सरसावल्या. बायकोच्या पर्समधला गोल आरसा मागून घेतला, लेकीला टीव्हीसमोर स्टुलावर बसवून तिच्या हाती दिला आणि स्वतः मागे उकिडवे बसले. वायर खाचेत सैल झाली होती. बोटाने दाबून धरली की चित्र स्थिर, सोडली की गायब. त्यांनी दाबून धरली. सात वाजले, आणि मालिकेचं शीर्षकगीत सुरू झालं.

पहिल्या जाहिराती लागल्या तशी सोफ्यावरून हाक आली, "अहो, मागे काय करताय?"

"वायर धरलीये."

"बांधा कशाने तरी आणि इकडे या. त्या दिवशीही मागेच होतात."

त्यांनी बुटाची नाडी सोडली, वायर करकचून बांधली आणि एक बूट फटफटवत येऊन बायकोशेजारी बसले. जन्मात पहिल्यांदा ही मालिका ते समोरून बघत होते.

पोस्टमास्तरने शिक्का उचलला. उजव्या हाताने.

"हा उजवा आहे," आरसेवाले म्हणाले.

"बत्तीस वर्षं सांगतेय," बायको नजर न काढता म्हणाली.

आरशात अक्षरं उलटी दिसत, ती आरसेवाले सवयीने मनात सुलटी करून वाचत. माणसं सुलटी करायचं मात्र त्यांना कधी सुचलंच नव्हतं. आणि माणूस उलटा होता, तर मग रस्ता? त्यांनी सोफ्याचा हात घट्ट धरला.

फाटा आला. म्हातारा आला. "उजवीकडे तिचं घर, डावीकडे स्टेशन. काय ते आजच ठरव." पोस्टमास्तर उभा राहिला, त्याने खिसा चाचपला आणि तो उजवीकडे वळला.

"गेला बाई तिच्या घरी," ग्रंथपालबाईंनी सुस्कारा सोडला. त्यांचे डोळे भरले होते आणि त्या हसतही होत्या.

"मला वाटायचं, स्टेशनला गेला," आरसेवाले म्हणाले.

तिने पहिल्यांदाच टीव्हीवरून नजर काढली. "म्हणून इतकी वर्षं तुम्ही अवाक्षर काढलं नाहीत?"

"म्हणूनच. तुला वाईट वाटलं असतं. आज दिवसभर रेंगाळलो तेही त्याचसाठी."

तिने लेकीच्या हातातला आरसा काढून घेतला, पर्समध्ये टाकला आणि पर्स बंद केली. "हा आता माझ्याकडेच राहील," ती म्हणाली. "उद्यापासून रोज सातला समोर बसायचं. पहिल्यापासून लावतायत पुन्हा."