जावयासाठी धुतलेली बोअर

माझी सासुरवाडी पेठ वडगावची. परसात सासूबाईंची बोअर आहे. उन्हाळ्यात अर्धी गल्ली तिच्यावर पाणी भरायची, आणि सासूबाईंचा सगळा तोरा त्या बोअरवरच होता. मग पाण्याला रंगाच्या डब्यासारखा गोडसर वास यायला लागला. मागच्या शेडमध्ये यंत्रांच्या भागांवरचं ग्रीस ज्या द्रावकाने धुवायचे, ते वर्षानुवर्षं जमिनीत मुरलं होतं. शेड बंद पडली, पण बोअरही बंद करावी लागली. गल्लीला पाणी देणारी बाई घागर घेऊन दुसऱ्याच्या नळावर उभी राहू लागली. ते मला बघवेना.

मी शाहूपुरीतल्या एका प्रयोगशाळेत पाणी तपासतो. जंतूंवर बोलायला मिळालं की मला तहानभूक लागत नाही. सोप्यात बसून मी सासरच्या मंडळींना जंतूंची नावं, घराणी, खाणंपिणं, सगळं ऐकवलं. हवा नसलेल्या जागी हे जंतू द्रावक मोडून टाकतात, त्यांना फक्त काकवी खाऊ घालायची. सासरे मान डोलवत होते. जावयासमोर ते कशालाही मान डोलवतात, पण मी तो माझ्या वक्तृत्वाचा परिणाम समजलो.

पाण्यात कालवलेली काकवी आम्ही बोअरमध्ये ओतली, जंतू सोडले. मग दर महिन्याला आदल्या दिवशी फोन करून मी नमुना आणायला जायचो. मटणाचं जेवण व्हायचं, अंगणात खुर्ची मिळायची. नमुन्यात मात्र द्रावक तसंच आणि जंतू ठार. मी काकवी बदलली, जंतू बदलले. वडगावच्या मातीचा स्वभावच जंतूंना मानवत नाही, असा सिद्धांतही मांडला. प्रयोगशाळेत तो कुणी खोडला नाही, म्हणून मी आणखी फुगलो.

एकदा सांगलीहून परतताना फोन न करताच वाकडी वाट करून वडगावला गेलो. परसात कुजक्या अंड्यांचा वास दाटला होता. मला बघून सासूबाई दचकल्या आणि आतून डबा घेऊन धावत आल्या.

"अगं बया! जावईबापू, फोन तरी करायचा की. थांबा, पावडर टाकतो, मग बसा."

"कसली पावडर, मामी?"

"टीसीएल की. काकवी वतल्यापास्नं घाण वास सुटतोय. तुमी येणार म्हटलं की आदल्या दिशी टाकतो. जावयाला असल्या वासात कसं बसवायचं?"

टीसीएल म्हणजे जंतू मारणारी ब्लीचिंग पावडर. माझे जंतू दर महिन्याला माझ्याच मानपानात मेले होते. तो वास म्हणजे खाली हवा संपून जंतू जोमात असल्याची खूण. एवढी एकच गोष्ट मी सांगितली नव्हती. मी त्यांच्या हातातला डबा काढून घेतला आणि समजावून सांगितलं.

"मग ह्ये आधी सांगायचं की! नुसतं जंतूंचं पुराण सांगत बसलासा."

पावडर थांबली. मागच्या नमुन्यात द्रावक पहिल्यांदाच उतरलं. पाणी प्यायला अजून बराच अवकाश आहे. तसं फोनवर सांगितलं, तर सासूबाईंनी फोन सासऱ्यांच्या हातात दिला. मला वाटलं, त्यांचा धीर सुटला.

काल गेलो तर माझी खुर्ची थेट बोअरला खेटून मांडलेली. शेजारीण भिंतीवरून डोकावत, नाकाला पदर लावून, कसला वास म्हणून विचारत होती. मी खुर्चीत अंग चोरून बसलो.

"आमच्या जावयाचा हाय त्यो," सासूबाई साऱ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाल्या. "पाणी सुधारलं की घागर घेऊन ये."