सावंतवहिनींची बोगनवेल आणि माझा हातगुण

मंडळी, आज सकाळी आमच्या जुन्या शेजारी सावंतवहिनींकडे गेले होते. तेव्हापासून जेवण गोड लागत नाहीये.

नव्वदच्या दशकातली गोष्ट. मीरा रोडला आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर वहिनींनी बांबू आणि प्लास्टिकचं छोटंसं ग्रीनहाऊस केलं होतं. आत बोगनवेलीच्या कुंड्या, राणी, केशरी, पांढरी. सगळी बिल्डिंग बघायला यायची. माझ्या कुंडीत मात्र रोज दोन वेळा पाणी घालूनही नुसती पानं! जाम जळायचे मी.

मे महिन्यात त्या आठ दिवस रत्नागिरीला गेल्या. गच्चीची किल्ली देत म्हणाल्या, "पाणी घाल गं, तुझ्यावरच भरवसा."

मी थेंबभर घातलं नाही. मुद्दाम.

त्या परतल्या तर पानं गळलेली आणि फांदीफांदीवर नुसता रंग! पाण्याचा ताण बसला की बोगनवेल जास्त फुलते, हे मला तेव्हा कुठे माहीत?

आज त्यांची गॅलरी तशीच भरलेली. नातीला म्हणाल्या, "या आजीने एकदा फुलवली होती, तशी मला कधीच जमली नाही. हातगुण लागतो."

खरं सांगणारच होते. पण त्या गॅलरीकडे बघून पुन्हा पोटात दुखलं. म्हटलं, एवढं कौतुक तरी माझ्याकडे राहू दे.

तुम्ही सांगितलं असतंत?