फुटक्या सांध्याचं गाऱ्हाणं

नगरपालिकेत मी फिटर होतो. म्हणजे गावात कुणाचाही नळ कोरडा पडला की पहिली शिवी मला बसायची. डोंगरावर टाकी, तिथून बाजारापर्यंत उतरलेली बिडाची जुनी पाइपलाइन, आणि तिचे जागोजाग सुटलेले सांधे. मी सांध्यात ताग ठासायचो, वर शिसं ओतायचो, तोवर पुढचा सांधा रडायला लागायचा. बाजारात लोक विचारत, "काय रे फिटरा, पाणी आज येतला की उद्या?" मी म्हणायचो, "परवा." निदान बोललेलं खरं तरी ठरायचं.

खुद्द फिटरच्या वाडीत मात्र नळच नव्हता. समुद्र जवळ, त्यामुळे विहिरी मचूळ. गोड्या पाण्यासाठी बायका पायऱ्या उतरून खालच्या बावीवर जात आणि भरलेले हंडे घेऊन त्याच पायऱ्या चढत. माझ्या आईची कंबर त्या पायऱ्यांनी खाल्ली होती. एका उन्हाळ्यात तिने वाडीच्या राखणदाराला साकडं घातलं. राखणदार म्हणजे जागेची राखण करणारा आमचा देव. त्याला देऊळ नाही, मूर्ती नाही. फणसाखाली एक दगड, एवढाच त्याचा संसार. आणि आठ दिवसांत त्या दगडाच्या बुडातून पाणी वाहू लागलं!

वाडीने ठरवून टाकलं, देव पावला. बायकांनी झऱ्याला दगडी कुंडी केली. आई दर अमावास्येला तिथे नारळ ठेवून ओठातल्या ओठात काहीतरी पुटपुटायची. आता पाणी दारात होतं, आणि ती कंबरेवर हात न ठेवता चालू लागली होती.

मला आठवड्यातच संशय आला. टाकी सोडली की झरा वाहायचा, बंद केली की आटायचा. देव नगरपालिकेच्या वेळापत्रकाप्रमाणे पावतो हे मला नवीन होतं. वाडीला त्याचं काही वाटलं नाही. दुपारी देव वामकुक्षी घेतो, असं म्हणून सगळे मोकळे झाले. दगडाखालून दोन हातांवर आमची पाइपलाइन जात होती, आणि त्यातला एक सांधा पार गेला होता. तो बुजवणं माझं काम होतं. पण आईचा देव मी कसा बुजवू? गप्प बसलो. सहा वर्षं गप्प बसलो.

मग सरकारने पाणीपुरवठा सुधारायला अनुदान दिलं. नगरपालिकेत पेढे वाटले, आणि पेढा तोंडात असतानाच अट कळली: आधी सगळी गळती बंद करायची, नवीन नळ नंतर, आणि तेही पैसे उरले तर. सरकारी कामात 'उरले तर' म्हणजे काय, हे कोकणातल्या माणसाला सांगावं लागत नाही. गळतीची यादी करायला मलाच सांगितलं. मी इमाने इतबारे सगळी लिहिली, नगरपालिकेच्या स्वतःच्या अंगणातली सुद्धा. फक्त राखणदार तेवढा वगळला.

रत्नागिरीहून इंजिनिअर साहेब आले. मूळचे घाटावरचे, तरुण, अत्यंत सभ्य. त्यांच्याकडे एक लोखंडी कांब होती. दुपारी गाव जेवून लवंडलं की ते मुद्दाम टाकी सोडायला लावत, कांबेचं एक टोक जमिनीत रोवत, दुसरं कानाला लावत आणि डोळे मिटून पाइपाचं हृदय ऐकत. फणसाखाली त्यांनी डोळे उघडले.

"इथे मोठी गळती आहे. तुमच्या यादीत नाही."

"साहेब, इथे राखणदार आहे."

"पाइपात राहतो का तो?"

घरी आलो तेव्हा आई बांगडे साफ करत होती. म्हटलं, "आये, सायब राखणदाराकडे खणतलो. पाणी जातला."

तिचा हात थांबला. "मगे नळ?"

"नंतर. पैसे उरले तर."

तिने आधी पायऱ्यांच्या दिशेने पाहिलं, मग बांगड्याकडे. ती म्हणाली, "सायबाक सांग, गाऱ्हाणा घातल्याशिवाय थंय कुदळ लागाची नाय."

खणायला आणलेल्या गड्यांनीही तेच सांगितलं. साहेब म्हणाले, "घाला की. मला काय करावं लागेल?" मी सांगितलं, चपला काढून उभं राहायचं आणि प्रत्येक वाक्याला सगळ्यांबरोबर 'व्हय म्हाराजा' म्हणायचं, बस्स. गाऱ्हाणं म्हणजे देवापुढे सगळ्यांनी मिळून केलेली विनवणी, आणि ते घालण्याचा मान वाडीतल्या एका म्हाताऱ्याचा होता. आई सकाळपासून त्याच्या पडवीत जाऊन बसली होती, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

सगळी वाडी जमली. म्हाताऱ्याने नारळ हातात धरला.

"बा देवा म्हाराजा, आज तुझी लेकरां तुझ्या पायाकडे इली आसत..."

"व्हय म्हाराजा!"

"ह्यो सायब तुझ्या पायाकडचा पाणी बंद करूक इलो आसा..."

"व्हय म्हाराजा!" साहेबांचा आवाज लागला होता.

"पण त्येच्या आदी हयसरच वाडीक नळ बशीवन दितलो, असो तो तुका शबुद दिता..."

"व्हय म्हाराजा!"

"आणि शबुद मोडल्यान, तर खंयच्याय गावात त्येका झोप लागांदे नको..."

"व्हय म्हाराजा!" सगळ्यांत मोठा आवाज साहेबांचा. नारळ फुटल्यावर मात्र त्यांचा चेहरा बदलला. मला बाजूला घेऊन म्हणाले, "मी आत्ता काय कबूल केलं?"

"नळ, साहेब."

"कुणाला?"

"राखणदाराला. आणि ह्या सगळ्या बायकांना."

बायका पदर खोचून त्यांच्याकडेच बघत होत्या. साहेब आधी चिडले, मग हसले, आणि दगडाशेजारी बसून कागद काढला. गळतीच्या कामात त्यांनी एक ओळ वाढवली: 'दुरुस्त सांध्याच्या कायम तपासणीसाठी एक नळ.' मी आयुष्यात इतकी सुंदर सरकारी भाषा वाचलेली नाही.

पंधरा दिवसांत नळ उभा राहिला आणि सांधा बुजला. पहिला हंडा आईचा. ती ओंजळीने पाणी प्यायली आणि म्हणाली, "तीच चव."

"म्हणजे तुका ठाऊक होता?"

"टाकी बंद झाली काय देव गप. माका कळूचा नाय?"

"मगे सांगूक नाय ता?"

"सांगान काय करू? तुका ता बुजवूक लागला आसता. नाय बुजवलंस, तर तुझी नोकरी."

सहा वर्षं मी तिचा देव सांभाळत होतो, आणि ती माझी नोकरी. मला हसू येईना आणि रडूही येईना. म्हटलं, "मगे दर अमावास्येक नारळ कसलो ठेवी होतंस?"

"म्हाराजाक सांगी होतंय, हो सांधो माझ्या झिलाक गावांदे नको."

तिच्या झिलाला, म्हणजे मला, तो सांधा पहिल्याच आठवड्यात गावला होता. हंडा भरून वाहू लागला होता. तिने चुंबळ डोक्यावर ठेवली, पण तिने हंड्याला हात घालायच्या आधी मी वाकलो आणि तो उचलला. उभी हयात पाण्याच्या खात्यात काढलेला मी, भरलेला हंडा पहिल्यांदाच उचलत होतो. चांगलाच जड होता.