बिऱ्हाडाची वाहतूक

तापलेला पत्रा, डिझेल आणि ओल हरवलेली काळी माती यांचा मिळून एक वास होतो. तो नाकाशी आला की आजही माझे चित्त जागेवर राहत नाही. दुष्काळाच्या वर्षातली, चैत्र सरत आलेली एक दुपार त्या वासाबरोबर उगवते आणि मी पुन्हा अहमदपूरच्या अलीकडच्या त्या रस्त्यावर, उघड्या आभाळाखाली मांडलेल्या आमच्याच संसाराजवळ उभी असते.

लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. नव्या कचेरीच्या पुरवठा शाखेत मला नोकरी लागली होती. आमच्या घरातली पहिली सरकारी नोकरी. वडील पूर्वीच गेलेले, म्हणून आई आणि मी किनवटचे बिऱ्हाड उचलून टेम्पोने निघालो होतो. मुदखेडला मामाच्या रेल्वे क्वार्टरवर थांबून आईने पाण्याचा ड्रम भरून घेतला होता. किनवटचे सागवान मागे पडले, नांदेड मागे पडले, आणि लोह्यानंतर दोन्ही बाजूंना नुसती भेगाळलेली राने पसरत गेली. टेम्पोच्या अंगावर पिवळ्या अक्षरांत ‘मालवाहतूक’ असे रंगवलेले होते.

एका वस्तीपाशी एक म्हातारा हात पसरून रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. कडेला गोधडीवर त्याची सून विव्हळत पडली होती आणि तिच्या उशाशी बसलेली सासू पदराने तिला वारा घालत होती.

“सून अडलीय माझी. सकाळपासून एक गाडी थांबंना. अहमदपूरच्या दवाखान्यात तेवढं पोचवा हो.”

“जागा कुठं हाय, बाबा?” ड्रायव्हर गफूरभाई म्हणाले. “मागं कपाट हाय, पोती हायत, ड्रम हाय.”

आई तोवर खाली उतरली होती. “बिऱ्हाड काय पळून चाललंय? उतरवा समदं. खाट तेवढी ऱ्हाऊ द्या, तिला निजवायला.”

पाहता पाहता आमचे घर रस्त्याकडेच्या लिंबाखाली येऊन बसले. सासू फार घाबरलेली पाहून आईही टेम्पोत चढली आणि तिने त्या अनोळखी बाईचे डोके मांडीवर घेतले. सामान राखायला मी मागे राहिले. “पोरीला एकटं कसं सोडावं,” म्हणत म्हाताराही थांबला.

धुळीचा लोट विरला आणि उरली ती केवळ तगमग. मी बसत होते, उठत होते, कपाटाचा तापलेला दरवाजा उगाच उघडून लावत होते. आपले अंथरूण, पातेली, कापडात गुंडाळलेल्या तसबिरी असे सगळे परक्यांच्या नजरेसमोर पडलेले पाहताना अंगावरचे वस्त्र ओढले गेल्यासारखे वाटत होते. मुलाखतीला गेले होते तेव्हा त्या नव्या कचेरीत एकच शब्द सतत कानी पडला होता: पाण्याची वाहतूक, चाऱ्याची वाहतूक, धान्याची वाहतूक. मला वाटत राहिले, हा किती कोरडा शब्द. आणि ज्या क्रियापदातून तो निघाला ते मात्र किती ओले! नदी वाहते, जखम वाहते. माणूस ओझे वाहतो आणि फुलेही वाहतो. आपण होऊन जाणे, दुसऱ्याला नेणे आणि काही अर्पून टाकणे, या तिन्हींना आपल्या भाषेने एकच शब्द दिला. मग तिकडे त्या टेम्पोत या क्षणी जे चालले होते, ते यांपैकी कोणते?

“कुठलं म्हणायचं गाव?” म्हाताऱ्याने विचारले.

“किनवट.”

“आन् समाज?”

“आम्ही बौद्ध.”

त्याने मान वळवली. दूर रस्त्याकडे पाहत राहिला. त्याचे ओठ पांढरे पडले होते, त्यांवर धूळ बसली होती. मी ड्रममधून पेला भरला आणि त्याच्यासमोर धरला.

“पाणी घ्या, बाबा.”

पेल्याकडे त्याने बराच वेळ पाहिले. मग तो हळूच उकिडवा बसला, मान खाली घातली आणि दोन्ही हातांची ओंजळ पुढे केली. मी वरून धार धरली. असेच, वरून ओतलेले पाणी ओंजळीने पीत माझी आई लहानाची मोठी झाली होती, हे मला ठाऊक होते. माझा पेला टाळावा म्हणून त्याने ओंजळ केली होती, की रानात जन्म गेलेल्या माणसाची ती साधी सवय होती? मला कळले नाही. धार मी तुटू दिली नाही. पिऊन झाल्यावर त्याने ओले हात तोंडावरून फिरवले आणि पुटपुटला, “वाचल ना वं ती?”

उन्हे कलल्यावर टेम्पो परतला. आईच्या लुगड्याचा पदर रक्ताने माखला होता आणि चेहरा दमून उजळला होता. “मुलगी झाली. दोघीबी धड हायत,” ती म्हणाली. म्हातारा लगेच उठून आमचे कपाट एकट्याने पाठीवर घेऊ लागला. गफूरभाई धावले म्हणून बरे. मग त्याला पुढे बसवून, अहमदपूरच्या दवाखान्यापाशी उतरवून आम्ही निघालो.

 चाकूर येत असताना आई आपणहून बोलली.

“मधीच तिनं इचारलं, माय, तुमी कोण? म्या सांगितलं. वाटलं, आता हात काढून घेईल.”

“मग?”

“मग काय. तवाच कळ आली. तिनं अजून घट्ट धरला.”

तिच्या मनगटावर नखांच्या लालसर खुणा उमटल्या होत्या. कळ आली म्हणून, की सांगितले म्हणून?  लातूरचे पहिले दिवे दिसू लागेपर्यंत आई त्या खुणांवरून अंगठा फिरवत राहिली.